दोन टोकांमधले व्होल्टेज : व्हॉल्व्हच्या काळातल्या डिफरन्शियल प्लग-इनविषयी

सीआरओ, म्हणजे कॅथोड-रे ऑसिलोस्कोप, हाताळलेल्या प्रत्येकाला प्रोबची काळी क्लिप माहीत असते. क्लिप सर्किटच्या ग्राउंडला लावायची, प्रोबचे टोक हव्या त्या बिंदूवर टेकवायचे, की पडद्यावर आकृती उमटते. ही क्लिप आतून सीआरओच्या पत्र्याला जोडलेली असते, पत्रा पॉवर कॉर्डच्या तिसऱ्या पिनेला आणि ती पिन इमारतीच्या अर्थिंगला. त्यामुळे साध्या सीआरओवर मोजलेले प्रत्येक व्होल्टेज जमिनीच्या तुलनेतले असते. निम्म्याहून अधिक कामांत त्याने काही अडत नाही. पण एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी बाजूला एखाद्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज पाहायचे असेल आणि त्यातले एकही टोक जमिनीशी जोडलेले नसेल, तर क्लिप लावताक्षणी फ्यूज उडतो, कधी सर्किटही जळते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सीआरओच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणे. त्यानंतर क्लिप जिथे लावली असेल तिथले व्होल्टेज सीआरओच्या संपूर्ण पत्र्यावर येते. या सवयीने माणसे दगावू शकतात, आणि तरीही ती जात नाही, कारण दुसरा मार्ग शिकवलाच जात नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो जुना आहे. दोन टोके, दोन इनपुट, आणि दोघांतला फरक तेवढा मोठा करून दाखवणारा ॲम्प्लिफायर. दोन्ही टोकांवर जे सारखे असेल ते टाकून द्यायचे, जे वेगळे असेल ते ठेवायचे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात किती कठीण आहे, हे ज्यांनी आधी ओळखले आणि काचेच्या व्हॉल्व्हमधून ते साधून दाखवले, त्यांच्या कामाचे हे पुस्तक आहे. पुस्तकाच्या मध्यभागी एक विशिष्ट वस्तू ठेवली आहे: टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या व्हॉल्व्हच्या ऑसिलोस्कोपमध्ये समोरून सरकवून बसवायचे डिफरन्शियल ॲम्प्लिफायरचे प्लग-इन.

या ॲम्प्लिफायरची गरज आधी कुणाला भासली? रेडिओवाल्यांना नव्हे, शरीरशास्त्रज्ञांना. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरींविषयी पहिला लेख प्रसिद्ध केला. त्या लहरी काही मायक्रोव्होल्टांच्या, आणि ज्या माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे त्याच्या अंगावर खोलीतल्या वायरिंगमधून येणारे ५० हर्ट्झचे व्होल्टेज त्या लहरींच्या हजारो पट. शरीर म्हणजे एक चांगली मोठी अँटेनाच. १९३४ मध्ये केंब्रिजला एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी बर्गर यांच्या लहरींची खातरजमा केली, आणि त्याच वर्षी मॅथ्यूज यांनी दोन व्हॉल्व्हचे इनपुट असलेल्या खास ॲम्प्लिफायरचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन इलेक्ट्रोड डोक्यावर दोन जागी लावायचे. वायरिंगमधला हम दोघांवर जवळजवळ सारखा येतो, मेंदूची लहर मात्र दोघांवर सारखी नसते. फरक घेतला की लहर उरते. पुढच्या तीन-चार वर्षांत फ्रँकलिन ऑफनर, ओटो श्मिट आणि यान फ्रिडरिश टोनीस यांनी हेच सर्किट आपापल्या परीने सुधारले. यातले ओटो श्मिट म्हणजे ज्यांच्या नावाचा श्मिट ट्रिगर आजही प्रत्येक अभ्यासक्रमात आहे, तेच.

दुसरा ओघ टेलिव्हिजनकडून आला. लंडनमध्ये ईएमआय कंपनीत ॲलन ब्लमलाइन यांच्यापुढे प्रश्न होता तो टेलिव्हिजनचे सिग्नल कित्येक मैल लांबीच्या केबलमधून न्यायचा. वाटेत केबल बाहेरचा गोंगाट उचलणार, आणि तो केबलच्या दोन्ही तारांवर सारखाच येणार. १९३६ साली त्यांनी पेटंटसाठी मांडलेले सर्किट आज ‘लाँग-टेल्ड पेअर’ म्हणून ओळखले जाते. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचे मूलभूत पेटंटही याच माणसाचे. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले.

या सर्किटची रचना इथेच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. दोन सारखे ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेले व्हॉल्व्ह, घ्या. दोघांचे कॅथोड एकत्र जोडा आणि त्या जोडापासून एक मोठा रेझिस्टर खाली उणे व्होल्टेजपर्यंत न्या. हीच ती लांब शेपटी. समजा रेझिस्टर १०० किलोओहमचा आहे आणि खाली उणे १५० व्होल्ट आहेत. शेपटीतून साधारण दीड मिलिअँपिअर करंट वाहतो आणि दोन व्हॉल्व्ह तो आपसांत निम्मा-निम्मा वाटून घेतात. आता दोन्ही ग्रिड एकदम एक व्होल्टने वर गेले, तर कॅथोडही त्यांच्यामागे जवळजवळ एक व्होल्ट वर जातो, आणि करंट १.५० चा १.५१ मिलिअँपिअर होतो. एक टक्क्याहूनही कमी बदल. प्लेटवर त्याचा जेमतेम परिणाम दिसतो. पण एक ग्रिड वर आणि दुसरा तेवढाच खाली गेला तर एकूण करंट तोच राहून एका व्हॉल्व्हमधला दुसऱ्याकडे सरकतो, आणि दोन प्लेटांमध्ये मोठा फरक पडतो. सारखे ते दबते, वेगळे ते वाढते. रेझिस्टरच्या जागी स्थिर करंट देणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवला की दबणे कित्येक पटींनी वाढते.

किती दबले हे सांगणारा आकडा म्हणजे कॉमन मोड रिजेक्शन रेशो, सीएमआरआर. छातीवरून हृदयाचा सिग्नल घेताना तो सुमारे एक मिलिव्होल्टचा असतो, आणि अंगावरचा हम सहज एक व्होल्ट असू शकतो. रेशो १०,००० असेल तर त्या एक व्होल्टचा ०.१ मिलिव्होल्ट अवशेष पडद्यावर राहतो: सिग्नलचा दहावा भाग, डोळ्यांना स्पष्ट दिसणारा. तो १,००,००० असेल तर अवशेष शंभरावा भाग. डिफरन्शियल ॲम्प्लिफायरचा सगळा इतिहास या आकड्यात एकेक शून्य वाढवण्याचा आहे, आणि प्रत्येक शून्यासाठी कुणीतरी वर्षेच्या वर्षे घालवली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन ओघांना एक तिसरी जागा मिळाली, ती म्हणजे ऑसिलोस्कोप. १९४६ मध्ये अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात हॉवर्ड व्हॉलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी टेक्ट्रॉनिक्स सुरू केली. १९४७ मध्ये बाजारात आलेला त्यांचा ५११ हा ऑसिलोस्कोप १० मेगाहर्ट्झचा होता आणि त्यात ट्रिगर होऊन सुरू होणारा स्वीप होता. पडद्यावरचे चित्र स्थिर राही आणि मोजता येई. पण एकाच यंत्रात सगळे कसे मावणार? टेलिव्हिजनच्या माणसाला वेग हवा, शरीरशास्त्रज्ञाला मायक्रोव्होल्ट हवेत, संगणकवाल्याला एकाच वेळी दोन आकृत्या हव्यात. १९५४ च्या सुमारास ५३१ आणि ५३५ या मॉडेलांबरोबर त्यांनी उत्तर दिले: पडदा, स्वीप आणि पॉवर सप्लाय एका मोठ्या पेटीत कायम, आणि उभ्या दिशेचा पहिला ॲम्प्लिफायर वेगळ्या छोट्या खोक्यात. काम बदलले की खोके बदलायचे. समोरून आत ढकलायचे, मागचा कनेक्टर जागेवर बसला की खालचा स्क्रू फिरवून घट्ट करायचे.

या खोक्यांना त्यांनी इंग्रजी अक्षरांची नावे दिली. डिफरन्शियल जातीच्या खोक्यांमध्ये तीन स्वभाव स्पष्ट दिसतात, आणि त्यांना घराणी म्हणावे इतके ते वेगळे आहेत.

पहिले घराणे सूक्ष्म सिग्नलांचे. टाइप डी मध्ये डीसीपासून मोजता येते, एका सेंटीमीटरला एक मिलिव्होल्टपर्यंत. त्या टोकाला बँडविड्थ सुमारे ३०० किलोहर्ट्झ. टाइप ई त्याहून हळवे, एका सेंटीमीटरला ५० मायक्रोव्होल्ट, पण फक्त एसी. डीसी सोडून का दिले? कारण व्हॉल्व्हच्या कॅथोडचे तापमान किंचित बदलले तरी ॲम्प्लिफायरचा शून्यबिंदू सरकतो, आणि ५० मायक्रोव्होल्टच्या पातळीवर ते सरकणे एवढे मोठे दिसते की रेषा पडद्यावर थांबतच नाही. ज्यांना नसा, स्नायू, स्ट्रेन गेज, भूकंपमापक यांचे काम होते त्यांनी ही खोकी वापरली.

दुसरे घराणे वेगाचे. टाइप जी ५० मिलिव्होल्टला थांबते, पण ५४० मालिकेच्या ऑसिलोस्कोपमध्ये २० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. त्याचा सीएमआरआर शंभराच्या घरातला, म्हणजे वरच्या मोजपट्टीने अगदीच मामुली. त्यात कारागिराची कुचराई नाही. वेग वाढतो तसे दोन्ही बाजूंचे काही पिकोफॅरडही जुळावे लागतात, आणि तारेचा एखादा वळसा वेगळा पडला तरी जुळणी बिघडते.

तिसऱ्या घराण्याने मात्र विचारच बदलला, आणि मला सर्वांत जास्त आदर आहे तो याच घराण्याविषयी. टाइप झेड मध्ये एका इनपुटला बाहेरचा सिग्नल आणि दुसऱ्याला खोक्याच्या आतच तयार झालेले, डायलने ठरवता येणारे अचूक डीसी व्होल्टेज, उणे शंभरपासून अधिक शंभरपर्यंत. सिग्नल ८० व्होल्ट उंचीचा असेल आणि त्याच्या माथ्यावरचे ५० मिलिव्होल्टचे कंप पाहायचे असतील, तर डायलवर ८० व्होल्ट लावायचे. फरक तेवढा पडद्यावर येतो. ५० मिलिव्होल्टला एक सेंटीमीटर या हिशेबाने शून्याच्या वर २,००० सेंटीमीटर आणि खाली २,००० सेंटीमीटर एवढा उंच कागद मिळाला, आणि प्रत्यक्षात असलेल्या चार-सहा सेंटीमीटरच्या पडद्यातून त्याचा हवा तो तुकडा पाहता येऊ लागला. फरक घेण्याचे सर्किट इथे गोंगाट घालवण्याचे साधन उरले नाही, ते वजनकाटा झाले.

ऑसिलोस्कोपच्या बाहेरही हीच जोडी पसरत होती. अमेरिकेत जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला के२-डब्ल्यू हा सॉकेटमध्ये बसवायचा ऑपरेशनल ॲम्प्लिफायर दोन १२एएक्स७ व्हॉल्व्हवर चालत असे, आणि त्याच्या इनपुटला हीच लांब शेपटीची जोडी होती. पुढे ट्रान्झिस्टर आले, १९६५ मध्ये बॉब विडलर यांचा ७०९ आला, नंतर ७४१. आज पाच-दहा रुपयांना मिळणाऱ्या ऑप-अँपच्या चिपमध्ये इनपुटपाशी जी दोन ट्रान्झिस्टरांची जोडी आहे, ती ब्लमलाइन आणि मॅथ्यूज यांचीच. टेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह सोडले. आधी इनपुटला नुव्हिस्टर नावाचे अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे व्हॉल्व्ह आले, मग एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर. ७००० मालिकेतले ७ए२२ हे पूर्ण सेमीकंडक्टरचे प्लग-इन एका भागाला १० मायक्रोव्होल्ट, एक मेगाहर्ट्झ आणि एक लाखाच्या सीएमआरआरपर्यंत पोचले. आकड्यांच्या शर्यतीत व्हॉल्व्ह हरले, यात वाद नाही.

मग आज व्हॉल्व्हच्याच खोक्यावर पुस्तक कशासाठी? कारण त्यात जुळणी डोळ्यांना दिसते. चिपमध्ये दोन ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर शेजारी-शेजारी घडतात, एकाच तापमानात राहतात, आणि सारखेपणा जणू आपोआप येतो. व्हॉल्व्हमध्ये काहीच आपोआप येत नाही. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी बनलेले दोन व्हॉल्व्ह सारखे नसतात आणि म्हातारेही सारखे होत नाहीत. त्यामुळे फरक मोजायच्या यंत्रात जो सारखेपणा लागतो तो माणसाला हाताने निर्माण करावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक खोक्यात जागा ठेवलेली असते.

टाइप डी उघडून पाहा. व्हॉल्व्हच्या हीटरना इथे एसी देत नाहीत. ते एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडून डीसीवर चालवले आहेत, कारण हीटरचा एसी कॅथोडमध्ये झिरपला तर ज्या हमशी भांडायचे तोच आत जन्म घेईल. पार्ट बसवायला छापील बोर्ड नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या पट्ट्या आहेत, त्यांना खाचा आहेत, खाचांना आतून चांदीचा मुलामा आहे, आणि रेझिस्टर-कपॅसिटरचे पाय त्या खाचांत डाग दिलेले आहेत. या डागांना साधे सोल्डर चालत नाही. ते वारंवार वितळले की खाचेतली चांदी ओढून घेते आणि मग डाग धरत नाही. म्हणून सुमारे तीन टक्के चांदी मिसळलेले सोल्डर वापरायचे. ते दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताशी असावे म्हणून कंपनी ऑसिलोस्कोपच्या आतच त्याचे छोटेसे रीळ लावून देत असे. पन्नास-साठ वर्षांनी पेटी उघडणाऱ्यालाही कधी कधी ते जागेवर सापडते.

आता जुळणी. यंत्र चालू करून किमान अर्धा तास तापू द्यायचे. दोन्ही इनपुट एकत्र जोडून दोघांना एकच मोठा सिग्नल द्यायचा, समजा १ किलोहर्ट्झचा. आदर्श खोक्यात पडद्यावर सपाट रेषा दिसायला हवी. दिसते ती लाट. स्क्रू-ड्रायव्हरने डिफरन्शियल बॅलन्सचा पॉट (बदलता रेझिस्टर) किंचित फिरवला की लाट लहान होत जाते, एका जागी जवळजवळ विरते, आणि त्यापुढे गेले की उलट्या दिशेने पुन्हा वाढू लागते. तो तळ सापडल्यावरही बारीकशी लाट उरतेच, आणि नीट पाहिले तर ती मूळ सिग्नलच्या वेळेशी जुळत नाही, पाव आवर्तनाने पुढे-मागे असते. म्हणजे आता दोष रेझिस्टरांचा राहिला नाही, कपॅसिटरांचा आहे. मग ट्रिमर. मग ॲटेन्युएटरची प्रत्येक पायरी वेगळी, कारण दोन बाजूंच्या ॲटेन्युएटरांत शंभरात एकाचा फरक असला तरी ॲम्प्लिफायर कितीही उत्तम असो, रेशो शंभराच्या आसपास अडकून बसतो. हे एवढे सगळे करून लाट हटत नसेल, तर व्हॉल्व्ह बदलून दुसरी जोडी लावायची आणि पुन्हा अर्धा तास थांबायचे. या एका बैठकीत विद्यार्थ्याला असमतोलाची जी कारणे स्वतःच्या हाताने कळतात, ती डेटाशीटच्या एका ओळीत कधीच कळत नाहीत.

हे ज्ञान आज जास्तच लागते. सोलर इन्व्हर्टर, इलेक्ट्रिक गाड्यांचे मोटर कंट्रोलर, चार्जर, यांच्यात ज्या स्विचचे गेट व्होल्टेज पाहायचे असते तो स्विच स्वतःच शेकडो व्होल्ट वर-खाली उडत असतो. डिजिटल ऑसिलोस्कोपवर दोन चॅनल लावून एकातून दुसरा वजा करण्याची सोय असते आणि पुष्कळांना वाटते की झाले काम. हिशेब करू. दोन्ही चॅनलना एका भागाला १०० व्होल्ट लावले, उभे आठ भाग, म्हणजे ८०० व्होल्टांचा पल्ला. आठ बिटांचा कन्व्हर्टर त्याचे २५६ तुकडे करतो. एक तुकडा तीन व्होल्टांहून मोठा. त्याच स्विचचा करंट मोजायला लावलेल्या शंट रेझिस्टरवरचा ५० मिलिव्होल्टचा सिग्नल त्यात कुठे दिसणार? वजाबाकी आकडे झाल्यानंतर करून उपयोग नाही. ती आकडे होण्याआधी, सिग्नल सिग्नल असतानाच करावी लागते. टाइप झेड घडवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. आजचे चांगले डिफरन्शियल प्रोब हेच करतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकातला फ्रीक्वेन्सीबरोबर घसरणारा सीएमआरआरचा आलेख वाचायला ज्याला येतो, त्यालाच त्यांची खरी किंमत कळते.

मराठीत या विषयावर लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण होऊन चालू झाला, तो सुमारे २,७०० व्हॉल्व्हवर. ते यंत्र इथे बांधले गेले, इथे तपासले गेले, इथे दुरुस्त झाले. त्या पिढीच्या हातातली विद्या मराठीत जवळजवळ उतरलीच नाही. व्हॉल्व्ह म्हटले की आपल्याकडे जुन्या रेडिओच्या आठवणी निघतात; मोजमापाच्या यंत्रांतले व्हॉल्व्ह कुणाच्या बोलण्यात येत नाहीत.

या पुस्तकाने तीन गोष्टी करू पाहिल्या आहेत. बारावीपर्यंतचा ओहमचा नियम येणाऱ्या वाचकाला व्हॉल्व्हच्या एका जोडीपासून संपूर्ण प्लग-इनच्या सर्किट डायग्रॅमपर्यंत न्यायचे. मधली एकही पायरी गाळायची नाही. ज्याच्याकडे असे खोके आहे किंवा मिळण्यासारखे आहे त्याला ते सुरक्षितपणे चालू करून, तपासून, जुळवून घेता येईल इतके प्रत्यक्ष मार्गदर्शन द्यायचे. आणि ज्याच्याकडे ते कधीच येणार नाही त्याला दोन ट्रान्झिस्टर, एक पॉट आणि साधा सीआरओ घेऊन तोच धडा टेबलावर गिरवता यावा अशी सोय करायची. संग्राहकांसाठी हे पुस्तक लिहिलेले नाही; कोणते मॉडेल दुर्मिळ, त्याची किंमत किती, याची चर्चा यात सापडणार नाही. इतर कंपन्यांच्या प्लग-इनचाही इथे उल्लेखापुरताच विचार आहे, कारण एक यंत्र तळापर्यंत समजले की बाकीची वाचकाला स्वतः वाचता येतात.

गणित जिथे टाळता आले नाही तिथे टाळलेले नाही. सीएमआरआरचे सूत्र आणि व्हॉल्व्हच्या म्यू (ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर) मधल्या फरकाचा त्यावर होणारा परिणाम हा भाग पहिल्या वाचनात जड वाटेल. तो सोडून पुढच्या मोजमापांकडे जावे, आणि लाट हटेनाशी झाली की परत यावे. तेव्हा तो भाग आपली उत्तरे देऊ लागतो.

एक सूचना इथेच करतो. ही खोकी ज्या ऑसिलोस्कोपमध्ये चालतात तो ३० किलोच्या आसपास वजनाचा आणि पाचशे वॅटच्या आसपास वीज खाणारा असतो. आत ३५० व्होल्ट आणि त्याहून अधिक डीसी असते, कॅथोड-रे ट्यूबपाशी हजारो व्होल्ट, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर भरलेले राहतात. माणसाच्या अंगाला इलेक्ट्रोड लावून असे जुने यंत्र कधीही वापरू नये, त्यावर टाइप ई असले तरी. आज त्यासाठी वेगळी, रुग्णाला विजेपासून अलग ठेवणारी उपकरणे आहेत आणि ती तशी असण्याला कारण आहे. कपॅसिटर रिकामे कसे करायचे, यंत्र पहिल्यांदा हळूहळू व्होल्टेज वाढवत कसे चालू करायचे, आणि एक हात खिशात ठेवून काम का करायचे, हे पुढच्या प्रकरणात आधी वाचावे. झाकणाचे स्क्रू त्यानंतर सोडवावेत.